बसणार कोण?

बेळगावात गेमिंग कॉम्प्युटर विकणारी दुकानं पुष्कळ आहेत. त्यातलं एक बरं दुकान शोधण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

पहिलं दुकान काचेचं. आत गारेगार एसी, दारात पुठ्ठ्याचा बंदूकवाला सैनिक. मी काउंटरवर जाऊन नीट विचारलं, "अण्णा, या प्रोसेसरच्या जोडीला कुठलं ग्राफिक्स कार्ड द्याल?" त्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावरून मागं बघितलं आणि किशनला म्हणाले, "सर, गेमिंगला का? मग सगळ्यात मोठा प्रोसेसर घेऊन टाका. टेन्शनच नाही."

किशन माझ्या काकांचा मुलगा. कॉलेजात जातो. त्याला प्रोसेसर आणि प्रेशर कुकर यातला फरक सांगता आला तर मी माझं नाव बदलीन.

"चालतंय की," किशन म्हणाला.

"काय चालतंय?" मी म्हणाले. "गेम ग्राफिक्स कार्डावर चालतो. प्रोसेसर नुसता मोठा घेऊन कार्ड फडतूस लावलं तर गेम काय तुमच्या एसीच्या वाऱ्यावर पळणार?" गृहस्थ हसले. लहान मुलानं तोंड भरून 'मी पायलट होणार' म्हटल्यावर हसतात तसे.

दुसऱ्या दुकानातला पोरगा तर त्याहून थोर. मी एसएमपीएस मागितला. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या पार्टना वीज वाटून देणारा डबा. तो चांगला असला की हाताला जड लागतो, कारण आत माल असतो. पोरानं दिलेला हातात घेतला तर शाळा सुटल्यावरच्या टिफिनसारखा हलका. "यात आहे काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, याला लाइटी लागतात. सात कलर. आणि पिंक कीबोर्ड पण आलाय, दाखवू?"

मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. किशन मला ओढत बाहेर घेऊन आला.

मला घाई होती. गोळीबाराच्या गेमची आमची पाच जणांची टीम होती आणि जानेवारीत निपाणीला एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा होती. टीममध्ये मी एकटीच मुलगी. बाकी चौघांना मी कधी बघितलेलं नव्हतं, हेडफोनमधून नुसतं ऐकलेलं. कॅप्टन मंथन निपाणीचाच. एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी चाचणी घेतली, आणि ती मी जिंकले, तीही किशनच्या रडक्या लॅपटॉपवर. मंथननं साफ सांगितलं होतं, "मंजुश्री, तू भारी खेळतीस, पण तुझा लॅपटॉप मधेच अडकतोय. स्वतःचं मशीन घे, न्हायतर जागा दुसऱ्याला द्यावी लागंल."

ती जागा मी कुणाला देणार नव्हते. त्याआधी मी कशात पहिली आले नव्हते, हे एवढंच कारण पुरे.

मशीन ठेवायला खोलीही मिळाली होती. आमचं घर वडगावात. शेजारी काकांचे यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात. आमच्या मागच्या खोलीत मात्र आप्पांचा, म्हणजे आजोबांचा, खड्ड्याचा माग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा काठावर बसणार, पाय खाली सोडून पावड्या दाबणार, हातानं एकेक ठोका मारणार, आणि सूत असं जमिनीलगत ताणलेलं. लांबून बघितलं तर माणूस कमरेपासून फरशीत उगवल्यासारखा दिसतो. आप्पांचे गुडघे गेले तसा त्यांनी माग मोडून विकला आणि माझ्या कॉम्प्युटरला हातभार लावला. खड्डा दगडमातीनं बुजवला, वर फरश्या घातल्या. गवंडी असा दिव्य की त्याला रंग जुळवता आला नाही. खोलीच्या मधोमध एक फिकट चौकोन राहिला. मी टेबल त्याच्याच कडेला लावलं.

तिसरं दुकान आप्पांनी सांगितलं. शहापुरात, नागेंद्रचं. त्याचा बाप मागाचा सुतार होता, आमचा माग त्यानंच जोडलेला. मी मनातल्या मनात हात जोडले. सुताराच्या पोराकडून ग्राफिक्स कार्ड! पण आप्पा स्वतः रिक्षात बसून निघाले, म्हणून मीही गेले.

दुकान बोळात, अरुंद. निळ्या पाटीवर 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस', आणि त्या निळ्याच्या आतून जुनी अक्षरं वर आलेली: 'माग जोडून मिळतील'. नागेंद्र अण्णा पन्नाशीचे, बारीक, हळू बोलणारे. मी पार्ट सांगत गेले, ते "होय री, होय री" म्हणत एकेक खोका काढत गेले. एसएमपीएस हातात दिला तो वजनदार. कुठं वाद घातला नाही, पिंक काही दाखवलं नाही. एकच गोष्ट बदलली. मी निवडलेलं कॅबिनेट बाजूला सारून दुसरं पुढं केलं.

"हे घ्या, आक्का. हे हवा खालनं ओढतंय. तुमच्यात खालनं बरं पडंल."

आक्का! एका दुकानात अदृश्य आणि दुसऱ्यात पिंक कीबोर्डवाली ताई झालेल्या मला तो मान इतका आवडला की 'तुमच्यात म्हणजे काय' हे विचारायचं राहून गेलं.

मशीन त्यांनी आमच्यासमोरच जोडलं. प्रोसेसरवर पेस्टचा थेंब लावताना त्यांचा श्वासही हलत नव्हता. रॅम खटकन बसली, वायरी एकीत एक गुंफून मागं गेल्या. आप्पा दारातल्या स्टुलावर चहाचा ग्लास धरून बघत होते. कॅबिनेटचं झाकण लावलं, स्क्रू पिळले. शेवटच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवून नागेंद्र अण्णा थांबले आणि त्यांनी विचारलं,

"बसणार कोण?"

झालं! हा पण त्यातलाच निघाला. एवढं सगळं मी बोलले, मी निवडलं, आणि शेवटी प्रश्न माझ्या मागं बसलेल्या म्हाताऱ्या पुरुषाला. यावर खेळणार कोण, भाऊ का नातू. मी मागं वळले, तर आप्पांनी ग्लास खाली ठेवला होता. ते तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं.

"कुणीबी बसू दे की! मशीनला काय कळतंय, कोण बसलंय ते?"

नागेंद्र अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून स्क्रू पिळला.

"बरं," ते म्हणाले. "कुणीबी."

परत येताना रिक्षात आप्पा खोका मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "नाव सांगायचं असतंय गं, मंजे. माग जोडला की सुतार विचारतोय, बसणार कोण. आपण नाव सांगायचं. मोकळं सोडायचं न्हाय."

"आप्पा, ते लाकडाच्या मागाला. याला यूजरनेम असतंय."

मला माझं हे उत्तर लई आवडलं. किशनला, आईला, वर्गातल्या निम्म्या पोरींना मी ते ऐकवलं.

मशीन पळायला लागलं तसं माझं तोंडही सुटलं. रोज शाळेतून आले की दप्तर फेकून मी खुर्चीत. हेडफोन लावला की माइकवर माझी कॉमेंट्री सुरू. मंथन म्हणायचा, "बाई, जरा श्वास घे."

आठवडाभरात पहिली गोष्ट ध्यानात आली ती खुर्ची. वर-खाली होणारी गेमिंगची खुर्ची. सकाळी मी ती माझ्या उंचीला लावून शाळेला जायचे आणि दुपारी यावं तर ती पार तळाला गेलेली. मी वर करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाला. खुर्चीच्या कंपनीला मी मनसोक्त शिव्या घातल्या. दांड्यातला गॅस गळत असणार, दुसरं काय.

मग कीबोर्ड. तो टेबलाच्या अगदी कडेला ओढलेला असायचा, अर्धा बाहेर. खाली बसलेल्याचा हात पोचावा असा.

"किशन्या," मी काकांच्या दारात उभी राहून ओरडले, "माझ्या मागं माझ्या मशीनवर बसतोस व्हय?"

"तुझ्या त्या डब्याला मी हात लावू?" आतून आवाज आला. "तू अंगावर येतीस! मला काय जीव जड झालाय?"

खोटं बोलताना किशन कान खाजवतो. मी आत जाऊन बघितलं. खाजवत नव्हता.

त्या संध्याकाळी मंथन हेडफोनमध्ये म्हणाला, "आज दुपारी काय खेळलीस गं! एक गोळी वाया न्हाय. पण बोलली का न्हाईस?"

"आज दुपारी? मी शाळेत होते. विज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं."

"उगंच थापा मारू नको. तुझीच आयडी होती. माइक पण चालू होता. मागनं ठोके ऐकू येत होते. ठक... ठक..."

"शेजारचे यंत्रमाग असतील ते."

"तसं न्हवं," मंथन म्हणाला. "यंत्रमाग खडखड करतोय. हा एकेकच ठोका होता. कुणीतरी हातानं मारल्यासारखा."

मी हसले. पासवर्ड चोरलाय कुणीतरी, एवढं साधं कळत नाही या पोरांना. त्याच रात्री पासवर्ड बदलला, असा की मलाच पाठ करावा लागला. सकाळी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली शाळेच्या ओळखपत्राच्या दोरीत ओवून गळ्यात घातली.

दुपारी कुलूप तसंच होतं. खुर्ची तळाला होती.

आप्पा पडवीत सुपारी कातरत बसले होते. आई-बाबा दोघंही कामाला जातात, दिवसभर घरात तेच असतात. मी विचारलं, "आप्पा, दुपारी आत कोण जातंय?"

"मला ऐकू येतंय," आप्पा म्हणाले. "बघायला मी जात न्हाय."

"काय ऐकू येतंय?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मशीन चालल्यालं."

"तुमच्या आधी आपल्या मागावर कोण बसायचं?"

आप्पांनी सुपारीचे तुकडे तळहातावर गोळा केले, पुन्हा सुपात टाकले. "बसायचं कुणीतरी," ते म्हणाले आणि आत जाऊन टीव्ही लावला. मोठ्यानं.

म्हाताऱ्या माणसांना असलं गूढ बोलायला आवडतं. मी ठरवलं, खुर्चीच काढून टाकायची. गॅस गळणारी खुर्ची काकांच्या घरी नेऊन टाकली आणि जेवायच्या खोलीतली प्लॅस्टिकची खुर्ची टेबलापुढं ठेवली. तिला वर-खाली काही नाही. आता बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले. कुलूप काढलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, खोली लख्ख दिसत होती.

प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. कीबोर्ड आणि माउस जमिनीवर होते. त्या फिकट चौकोनाच्या कडेला, व्यवस्थित, एकाशेजारी एक. वायर ताणून आणलेली. टेबलावरच्या मॉनिटरची मान खाली वाकवलेली होती, फरशीकडं.

मी चौकोनापाशी उकिडवी बसून बघितलं. माझ्या डोळ्यांना पडदा दिसत नव्हता. तो त्याहून खाली बसलेल्यासाठी वाकवला होता. कमरेपर्यंत फरशीत असलेल्यासाठी.

फरशीवर हात ठेवला. गार असायला हवी होती.

मी तडक शहापूरला गेले. नागेंद्र अण्णा कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसले होते. मी चढ्या आवाजात विचारलं, तुम्ही माझ्या मशीनमध्ये काय घालून ठेवलंय, कुठून चालवताय, मी तक्रार करणार आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीनमध्ये काय न्हाय, आक्का. तुम्हीच निवडल्यालं सगळं चांगलं हाय."

"मग?"

"नाव दिलं न्हाय तुम्ही."

"मग आता घ्या! मंजुश्री. मीच बसणार. झालं?"

त्यांनी मान हलवली. "विचारणं एकदाच असतंय."

"आणि तेव्हा मला कुठं विचारलंत? आप्पांकडं बघून विचारलंत!"

"न्हाय री," नागेंद्र अण्णा म्हणाले. त्यांनी प्रिंटरवरची मान वर करून नीट माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडंच बघत होतो. तुम्हीच मागं वळून बघितलासा."

मी तशीच बाहेर येऊन रिक्षा पकडली.

त्यानंतर मी रोज शाळेला जाताना मशीनची मागची पॉवर केबल उपसून दप्तरात टाकायला लागले. दुपारी यावं तर खोली जशीच्या तशी. कीबोर्ड टेबलावर, मॉनिटर सरळ. बघा, म्हटलं. वीज नाही तर काही नाही. भुतालाही एसएमपीएस लागतो. मंथननं नंतर तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. फक्त संध्याकाळी मी बडबड करायला लागले की तो म्हणायचा, "दुपारी बरी गप्प असतीस." मला वाटायचं, जुन्यावरून चिडवतोय.

स्पर्धेच्या दिवशी किशन आणि मी सकाळच्या बसनं निपाणीला गेलो. निघताना आप्पा पडवीत नव्हते, आतल्या खोलीत झोपले होते. मी मशीनची केबल काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि बॅगेत घातली. कुलूप घातलं.

हॉल मोठा होता. टेबलांच्या रांगा, त्यांचीच मशीनं, पंख्यांची घुंई. दारात रजिस्टर घेऊन बसलेल्या मुलानं माझ्याकडं न बघता किशनला विचारलं, "या टीमच्या पाच नंबरच्या खुर्चीवर बसणार कोण?"

"मंजुश्री," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की आजूबाजूचे वळून बघायला लागले. "मंजुश्री बसणार. मी."

त्यानं लिहून घेतलं. मला एकदम बरं वाटलं.

मंथन उंच, चष्मेवाला निघाला. मी जाऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि बोलायला लागले, बसबद्दल, हॉलबद्दल, पलीकडच्या टीमच्या बावळट जर्सीबद्दल. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "दुपारच्या तुझ्या गप्प राहण्याची सवय झालीया."

मी पाच नंबरच्या खुर्चीत बसले. खुर्ची माझ्या उंचीला लावली. हेडफोन चढवला. आयडी टाकली, पाठ केलेला पासवर्ड टाकला.

पडद्यावर पाटी आली. हे खातं आत्ता दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे.

पुन्हा टाकलं. तीच पाटी.

"मंजुश्री," शेजारून मंथन म्हणाला. तो स्वतःच्या पडद्याकडं बघत होता. "तू तर आत आलीस की. खेळालीस पण."

त्याच्या पडद्यावर माझं नाव होतं. नावापुढं हिरवा दिवा.

मी बॅगेत हात घातला. केबल होती. रबर लावलेली, गुंडाळलेली.

घरी फोन लावला. आप्पांनी उचलला. आवाज छान, झोप झाल्यासारखा.

"आप्पा, मागच्या खोलीत कोण हाय बघा."

"दारातनंच बघालोय की."

"दाराला कुलूप हाय, आप्पा."

"कुठलं कुलूप?"

"आत कोण हाय?"

"थट्टा करतीस व्हय म्हाताऱ्याची?" आप्पा हसले. "समोर बसलीयास आणि फोन करतीस."

मी फोन कानाला घट्ट दाबला. आप्पांनी फोन तोंडापासून लांब धरलेला कळलं. मागं ठोका ऐकू येत होता. एकेक.

"मंजे," ते खोलीत कुणाला तरी म्हणाले, "चहा ठेवू?"

ठोका थांबला.

"व्हय, आप्पा."

आवाज माझाच होता. फक्त जरा खालून आला.